‘शेवटचे मोजकेच प्लॉट’ : ही घाई कुणाची?

भोर-वेल्ह्याचे ग्रामस्थ आणि इथे जमीन घेऊ पाहणारे पुण्या-मुंबईचे बंधू-भगिनी यांस,

पुणे-सातारा रस्त्याने खेड-शिवापूर मागे टाकलं की नसरापूरपर्यंत, आणि चेलाडी फाट्यावरून आत वळलं की मार्गासनी-विंझरपर्यंत प्लॉटच्या जाहिरातींचे फलक पाठ सोडत नाहीत. मजकूर सगळ्यांचा एकाच साच्यातला. वर महाराजांचं चित्र नाहीतर गडाचा बालेकिल्ला, मागे श्रावणातला हिरवागार डोंगर, मध्ये जुन्या दरावर लाल फुली मारून ठळक अक्षरांत नवा दर, आणि तळाच्या पट्टीवर : शेवटचे मोजकेच प्लॉट, एक तारखेपासून दरवाढ, आजच बुक करा. गावाचं नाव नाही, गट नंबर नाही, बिनशेती आदेशाचा क्रमांक नाही. मोबाईल नंबर मात्र हातभर उंचीचा. ज्या राजगडावरून महाराजांनी सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार केला, ज्याची ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केली, ज्याचं नाव शासनाने आता वेल्हे तालुक्याला दिलं, त्या गडाला चौरस फुटाचा भाव चढवायच्या कामाला जुंपलं आहे. याची चीड न येणारा माणूस या दोन तालुक्यांत शोधून सापडायचा नाही.

गुंठ्यांचा धंदा काय चीज आहे, हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. बंद झालेल्या पाणंदी, बुजवलेले ओढे, डोंगर फोडून काढलेले रस्ते, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दहा-दहा जणांची एकाच सातबाऱ्यावर लागलेली नावं, हे सगळं आपण रोज बघतो. त्या प्रत्येकावर वेगळं पत्रक निघेल. या पत्रकाचा रोख एकाच गोष्टीवर आहे : जाहिरातीतली घाई. कारण बाकीच्या सगळ्या लबाड्या या घाईच्या आडोशाला उभ्या आहेत. ती काढून घेतली तर त्यातल्या निम्म्या आठवडाभरही टिकणार नाहीत.

साबण घेताना घाई झाली तर नुकसान पन्नास रुपयांचं. जमीन हा असा एकच सौदा आहे की ज्यात वेळ हेच घेणाऱ्याचं संरक्षण असतं. सही-शिक्क्याचा डिजिटल सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. पण तो काढायचा, भोगवटादार वर्ग-१ आहे की वर्ग-२ ते बघायचं, इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, वनाची नोंद आहे का ते वाचायचं, जुने फेरफार काढायचे, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यायचा, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करायचा, तर महिने जातात. भोर हे १९४८ सालापर्यंत संस्थान होतं. इनाम, वतन, देवस्थान यांच्या जमिनींचा गुंता इथल्या दप्तरात जागोजाग आहे, आणि वर्ग-२ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणजे या दोन तालुक्यांत तर इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा सावकाश जायला हवं. नेमक्या याच ठिकाणी फलक सांगतो की संध्याकाळपर्यंत टोकन द्या. टोकन एकदा गेलं की माणूस कागद तपासतो तो आपला निर्णय बरोबर होता असं स्वतःला पटवायला. शंका घ्यायचं धैर्य त्याने रकमेबरोबरच हातावेगळं केलेलं असतं.

ही युक्ती कुणाला सहज सुचलेली नाही, आणि ती फक्त भोळ्यांवर चालते हेही खोटं आहे. १९७५ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. काहींना दहा बिस्किटांच्या बरणीतलं एक बिस्किट दिलं, काहींना दोनच बिस्किटांच्या बरणीतलं. बिस्किटं एकच. तरी दोनाच्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं वाटलं. चवीला मात्र ते उजवं ठरलं नाही. फुली मारलेल्या दराची गोष्ट आणखी बोलकी आहे. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेल्या प्रयोगात लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा अंदाज २५च्या आसपास आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५च्या. चक्राच्या आकड्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी त्याने अंदाज ओढून नेला. आता फलकाकडे बघा. समजा ८९९ वर फुली आहे आणि खाली ४९९ लिहिलं आहे. ८९९ने तिथे कधी कुणी जमीन घेतली? तो आकडा त्या चक्राचंच काम करतो. ४९९ने गुणायला गेलं तर १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा ५,४३,४११ रुपयांना पडतो आणि एकराचे २ कोटी १७ लाखांवर होतात. हा गुणाकार बसून करायला पाच मिनिटं लागतात. तेवढीही मिळू नयेत म्हणून खालची लाल पट्टी आहे.

आणि ‘एक तारखेपासून’ म्हणजे कुठल्या महिन्याच्या? ते लिहिलेलं नसतं. म्हणून तो फलक बाराही महिने चालतो. मोफत साइट व्हिजिटची गाडी, चहा-पोहे, कमानीखाली फोटो, मग तंबूतल्या टेबलावर पसरलेला रंगीत नकाशा, त्यातल्या निम्म्या चौकटींवर लाल टिकल्या. ही टिकली म्हणजे विकला गेलेला प्लॉट, असं सांगतात. टिकलीला दस्त क्रमांक नसतो, तारीख नसते, आणि ती चिकटवायला घेणारा माणूस लागत नाही. खरोखर विक्री झाली असेल तर नोंदणी खात्याच्या सूची क्रमांक दोनमध्ये ती दिसायला हवी. नकाशा दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा, लाल टिकल्यांचे दस्त क्रमांक द्या, बघून येतो.

याहून संतापजनक भाग म्हणजे ही घाई दोन्ही बाजूंनी लावली जाते. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून दलाल सांगतो : आत्ता विसार घ्या, पुढे भाव पडणार, सरकार बंधनं आणणार, मग कुत्रंही विचारणार नाही. तिथून उठून पुण्यात गिऱ्हाइकाला सांगतो : आत्ता टोकन द्या, पुढे भाव दुप्पट होणार. एकाच जमिनीचा भाव एकाच वेळी पडणारही आणि दुप्पटही होणार? दोघांनी एकदा समोरासमोर बसून चहा घेतला तर हा धंदा तिथेच संपेल. म्हणून तर मध्ये साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र असतं, आणि घेणाऱ्या-देणाऱ्याची गाठ पडते ती दुय्यम निबंधकाच्या दारात, तीही पडली तर.

घाईचा आणखी एक उपयोग आहे. तिच्यामुळे माणूस जमीन एकाच ऋतूत पाहतो. ‘लेक व्ह्यू’च्या जाहिरातीतलं पाणी सप्टेंबरचं असतं. भाटघर धरणाची साठवण साडेतेवीस टीएमसी खरी, पण ते पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांना जाण्यासाठी अडवलेलं आहे, कुणाच्या गच्चीतून दिसावं म्हणून नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं, वेळवंडीच्या खोऱ्यात कांबऱ्याचं बुडालेलं जुनं शिवमंदिर उघडं पडतं, काठावर भेगाळलेला गाळ उरतो आणि याच खोऱ्यांतल्या वाड्यावस्त्या टँकरची वाट बघत बसतात. जिथे गावाला प्यायला पाणी नाही तिथे पोहण्याचा तलाव दाखवणारा नकाशा कुठल्या विहिरीच्या भरवशावर काढला, हे विचारायला मे महिन्यात यावं लागतं. त्यात पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४च्या मसुद्यात भोर-वेल्ह्यातल्या कित्येक गावांची नावं आहेत. त्यात आपलं गाव आहे का, हे पाहायलाही वेळच लागतो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : जाहिरातीत थोडं वाढवून सांगणं चालतंच. चालतं ना. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणा, ‘स्वप्नातलं घर’ म्हणा, ते तुमचं मत आहे. ‘सातच प्लॉट शिल्लक’ हे मत नव्हे. तो आकडा आहे, आणि आकडा एकतर खरा असतो नाहीतर खोटा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. तिच्यात पहिलीच नोंद खोट्या निकडीची आहे. मोबाईलच्या पडद्यावर जी फसवणूक ठरते ती रस्त्याकडेच्या पत्र्यावर रंगवली म्हणून सभ्य होत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा वेश घालून येतो : हे फार्म प्लॉट आहेत, शेतजमीन आहे, म्हणून रेरा लागू नाही. ठीक, शेतजमीन समजू. मग १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही, आणि १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने तिचे गुंठा-गुंठा तुकडे पाडता येत नाहीत. तुकडेबंदीत अलीकडे सवलती आल्या आहेत, पण डोंगरउतारावरच्या भातखाचराला त्या लागू आहेत असं परस्पर धरून कुणी पैसे मोजू नयेत. बरं, शेतजमीन नाही, निवासी प्लॉट आहेत म्हणता? मग ५०० चौरस मीटरच्या, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांच्या वर गेलेल्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी घेतल्याशिवाय जाहिरातच करता येत नाही. नोंदणी क्रमांक जाहिरातीवर हवा, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा, आणि खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्याला व्याजासह परतावा मागायचा हक्क आहे. ‘कुणीही घ्या, एका गुंठ्यापासून’ असं लिहून खाली एकही क्रमांक न देणारा फलक या दोन्ही वाटांवर अडतो. तिसरी वाट दाखवा.

आणि तो सगळ्यात डोकं उठवणारा आक्षेप : तुम्ही विकासाच्या आड येता, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ते तुम्हाला बघवत नाही. शेतकऱ्याने जमीन विकू नये असं या पत्रकात एका शब्दानेही म्हटलेलं नाही. पोरीचं लग्न, दवाखाना, शिक्षण यांपायी जमीन विकावी लागते, तिला चांगला भाव मिळालाच पाहिजे. म्हणूनच विचारतो, फलकावरच्या हिशेबाने एकराचे दोन कोटी होत असतील तर त्या एकराच्या मालकाच्या हातात किती पडले? हे प्रत्येक गावाला तोंडपाठ आहे. त्याला चार महिने थांबून चार ठिकाणी विचारता आलं असतं तर तो आकडा असा राहिला असता का? जमीन गेल्यावर त्याच जमिनीच्या गेटवर रात्रपाळीला उभं राहणं याला विकास म्हणणाऱ्यांनी स्वतःची जमीन देऊन दाखवावी.

करायचं काय? हे फलक उभे राहतात आपल्याच बांधावर, आपणच भाडं घेऊन. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा : गाव, गट नंबर, बिनशेती आदेशाचा क्रमांक आणि तारीख, महारेरा क्रमांक, एकूण प्लॉट किती आणि त्यातले नोंदणीकृत दस्ताने विकले गेलेले किती, एवढं ठळक अक्षरांत नसलेला फलक कुणीही आपल्या रानात लावू देणार नाही. दरवाढीची तारीख लिहायची तर महिना आणि साल लिहायचं. ज्याने विसार घ्यायचा त्याने तो घेण्याआधी भावकीला आणि एका वकिलाला कागद दाखवावा. आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनो, टोकन मागणाऱ्याकडून गट नंबर लेखी मागा, तो हातात पडल्यावर १५ रुपये भरून सातबारा काढा, तलाठ्याला भेटा, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, जागा एकदा पावसात आणि एकदा मे महिन्यात पाहा. तोवर प्लॉट संपला तर संपू द्या.