सभागृह रिकामे, कारखाना चालू

२३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने कामगारांविषयीच्या तीन संहिता मंजूर केल्या, तेव्हा बहुतेक विरोधी पक्षांची बाके रिकामी होती. तीन दिवस आधी शेतीची विधेयके आवाजी मतदानाने रेटली गेली होती. गोंधळ झाला, आठ खासदार निलंबित झाले आणि विरोधकांनी कामकाजावर बहिष्कार टाकला. त्यांचा राग खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. विरोधी पक्षनेते गुलाम नबी आझाद यांनी सभापतींना पत्र लिहून आमच्या गैरहजेरीत ही विधेयके मंजूर करू नका, अशी विनंतीही केली. पण पत्राने विधेयक थांबल्याचे कुणी कधी पाहिले आहे काय? विधेयके मंजूर झाली आणि त्याच दिवशी अधिवेशन गुंडाळले गेले. २०१९ ची वेतन संहिता धरून या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत.

आम्ही मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे बाप मागावर आहेत, आया घरात कांड्या भरतात. दिल्लीतल्या संहितांशी आमचा काय संबंध, असे स्टाफरूममध्ये विचारले जाते, म्हणून हा लेख.

पूर्वी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखाने कायदा लागू व्हायचा. आता कारखाना ठरायला वीस लागतात. एक विणकर सहा-आठ माग सांभाळतो, तेव्हा चोवीस मागांच्या शेडमध्ये वीस माणसे येणार कुठून? आमच्या भागात दहाची मोजणी टाळण्यासाठी एकाच छपराखाली मधोमध भिंत घालायची, एक बाजू स्वतःच्या नावे, दुसरी भावाच्या किंवा बेगमच्या नावे करायची, ही रीत जुनी आहे. अशा भिंती आम्ही लहानपणापासून पाहिल्या. सरकारने आता शेटजींचा विटांचाही खर्च वाचवला.

तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला टाळे लावायला सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभर होती. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सगळ्यांनाच सक्तीची झाली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप धरला जाईल. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा नऊवरून बारा तास करण्यास मंजुरी दिली, तेव्हा वर्तमानपत्रांतून चर्चा झडली. आमच्या मोहल्ल्यात कुणाला त्याची बातमीसुद्धा वाटली नाही. इथे दिवसपाळी बारा तासांची आणि रातपाळीही बारा तासांची. माग कायद्याच्या कितीतरी पुढे होता, कायदा आता धापा टाकत त्याच्यापर्यंत पोहोचतो आहे!

संहितांत चांगले काही नाही असे नाही. किमान वेतन सर्वांना लागू आहे, नेमणूकपत्राची तरतूद आहे. ते आम्ही नाकारत नाही. प्रश्न एवढाच की, ते मागायला कामगाराने कुणाच्या बळावर तोंड उघडायचे? संघटना नाही, हजेरीपुस्तक नाही, आणि त्याच्या वतीने बोलायचे ते त्या दिवशी सभागृहाबाहेर होते.

सभागृहात बसून हरण्यालाही किंमत असते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयक आले, संपावर बंधने घालणारे. स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विरोधी बाकावर होते. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी, हे त्यांनी सत्ताधाऱ्यांना तोंडावर सुनावले. बहुमत सरकारचे होते, विधेयक मंजूर झालेच. मग ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईचे कामगार संपावर गेले. आधी सभागृह, नंतर रस्ता. बाबासाहेबांचे शब्द आजही काढून वाचता येतात. २३ सप्टेंबरचे कामकाज काढून आमच्या विणकराने काय वाचावे?

आणि विरोधकांना तरी किती बोल लावायचे? आम्ही त्यांना मजुरीविषयी कधी विचारले होते काय? १९८५-८६ मध्ये शाहबानो प्रकरणी लाखोंनी मोर्चे निघाले. मजहब खतऱ्यात असल्याची हाक आली की आमचे मैदान भरते. मजुरी खतऱ्यात आहे, या हाकेला कोण येतो? सच्चर समितीने २००६ सालीच सांगितले होते की, मुसलमानांचा नियमित पगाराच्या नोकऱ्यांतला वाटा फार थोडा आहे. बहुसंख्य माणसे असंघटित कामांत आणि छोट्यामोठ्या धंद्यांत आहेत. म्हणजे कामगार कायदा हाच आमचा मोठा मिल्ली प्रश्न ठरतो. पण तसे म्हणायचे तर कारखान्याच्या मालकाला जाब विचारावा लागेल, आणि मालकही कलमागोच आहे. मशिदीच्या चंद्यात त्याचे नाव वर असते. पहिल्या सफमध्ये तो, तिसऱ्या सफमध्ये त्याचा कामगार, दोघे एकाच इमामामागे. सलाम फिरवला की एकाला हजेरीपुस्तक नको असते आणि दुसऱ्याला ते मागण्याची हिंमत नसते. याच मालेगावने निहाल अहमद यांच्यासारखा समाजवादी माणूस विधानसभेत पाठवला, आणि १९८६-८७ मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले. त्या गावाला आता उमेदवाराला मजुरीचा प्रश्न विचारावासा वाटू नये?

आम्ही शिक्षकही काही वेगळे नाही. आम्ही तीन वर्षे शिक्षणसेवक होतो, महिना आठ हजार रुपयांवर. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २००० साली ही युक्ती निघाली. पुढे १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. सरकारची काटकसर नेहमी नव्याने येणाऱ्यापासून सुरू होते, कारण तो आत आलेला नसतो, ओरडत नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, सात दिवस. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आम्हीही मोर्चात चाललो. तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी रस्त्यात थांबवून विचारले, “सर, आपकी पेन्शन का तो समझ में आया, हमारी पेन्शन कौन देगा?” चेष्टा नव्हती त्यांच्या आवाजात. आम्ही हसून वेळ मारून नेली. त्याची आज लाज वाटते.

त्यांचा मुलगा तेव्हा सातवीत होता. अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्राने २०२२-२३ पासून नववी-दहावीपुरती ठेवली. आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे, हे कारण. वर्षाला हजार रुपये मिळायचे. दिल्लीला हजार रुपये काही नाहीत, पण त्यात वह्या, दप्तर आणि चपला यायच्या. त्याच डिसेंबरात संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. इतर योजनांत हेच आहे, असे उत्तर. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात अल्पसंख्याक मंत्रालयाची तरतूद ५०२० कोटींवरून ३०९७ कोटींवर आली. खासदारांनी प्रश्न विचारले, मंत्र्यांनी उत्तरे दिली, विषय पुढे सरकला. बापाची मजुरी आणि मुलाच्या वह्या ही एकाच घरातली कपात आहे, असे एकत्र जोडून कुणी मांडलेले आमच्या तरी वाचनात आले नाही.

संहिता लागू झाल्यानंतर काही आठवड्यांनी तेच वडील शाळेत आले. नेमणूकपत्र द्यावे लागते असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. कामगार अधिकाऱ्यांच्या नावे मराठीत अर्ज लिहून द्या, म्हणाले. आम्ही लिहिला. किती वर्षे काम करता, विचारले, एकोणीस. कारखान्याचे नाव विचारल्यावर थोडे थांबले, मग सांगितले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परत आले आणि दारातूनच म्हणाले, “अभी रहने दो सर. सेठ का लड़का आपके ही स्कूल की कमिटी में है ना.”

ते खरे आहे. अर्ज अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.