चित्रं किनाऱ्यावर परत आणा

परवा अलिबागेत एका संग्रहालयाच्या संस्थापकांचं जाहीर भाषण ऐकलं. आपल्याकडच्या 'प्रादेशिक इम्प्रेशनिस्ट' चित्रकारांची चित्रं त्यांनी कशी जमवली, हा विषय. पडद्यावर एकामागून एक जलरंगातली निसर्गचित्रं येत होती. रेवसचा धक्का, ओहोटीच्या वेळचा कुलाबा किल्ला, शीड उतरवून विसावलेले मचवे, नागावची सुपारीची वाडी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक कोळी आजी बसल्या होत्या. एका चित्रापाशी त्या एकदम पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "ह्यो त आमचा बंदर हाय!"

भाषणानंतर कुणीतरी विचारलं, ही चित्रं प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील? उत्तर आलं की संग्रह खासगी जागेत आहे, आधी लेखी परवानगी घ्यावी लागते आणि तूर्त तो फक्त अभ्यासकांसाठी उघडतात. तरीही टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

ज्या खोलीचं दार लोकांसाठी उघडत नाही, तिला संग्रहालय म्हणणं खोटं आहे. स्वतःच्या पैशाने चित्रं घ्या, बंगल्यात लावा, कुणाची हरकत नाही. पण मग आमच्याच गावात येऊन 'संस्थापक' म्हणून शाल-श्रीफळ घेऊ नका. ज्या आजींना आपलं बंदर ओळखू आलं, त्यांना ते पुन्हा बघायचं असेल तर त्यांनी कुणाला अर्ज करायचा?

त्या भाषणातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. वारलेल्या एका ड्रॉइंग मास्तरांच्या घरून ट्रंकभर चित्रं भंगाराच्या भावात कशी मिळाली, हे त्यांनी रंगवून सांगितलं. सभागृह हसलं. मला त्या घरातली बाई दिसत होती, जिला नवऱ्याच्या कामाची किंमत कुणी सांगितली नाही. घेणाऱ्याला ती माहीत होती. माहीत असूनही गप्प राहणं याला पारखी नजर म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात.

आणि ते 'इम्प्रेशनिस्ट' प्रकरण. १८७४ साली पॅरिसमध्ये मोने, पिसारो, रन्वार यांनी जे प्रदर्शन भरवलं, त्यातून हे नाव निघालं. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. आमचे चित्रकार आले जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या शिस्तीतून, आणि ती शाळा १८५७ची. तिथला पारदर्शक जलरंग इंग्रजी वळणाचा. आबालाल रहिमान त्याच शाळेत शिकून कोल्हापूरला परतले आणि १९३१ साली वारले तोवर रंकाळा नि कोटीतीर्थ रंगवत राहिले. त्यांचा उजेड कोटीतीर्थाच्या काठावरचा आहे, सेन नदीवरचा नाही. फ्रेंच वळणाचा मोकळा रंग मुंबईच्या पोरांनी जवळून पाहिला तो मुख्यतः वॉल्टर लँगहॅमरकडे. नाझींच्या काळात मुंबईत आलेला हा ऑस्ट्रियन चित्रकार टाइम्स ऑफ इंडियाचा कलासंचालक झाला. त्याचं ऋण मान्य करायलाच हवं. पण किनाऱ्यावर बसून ज्याने ज्याने कागद ओला केला त्याला सरसकट 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं की लिलावात भाव चढतो आणि चित्रकाराचं स्वतःचं काम झाकलं जातं.

ते काम मी लहानपणी पाहिलेलं आहे. माझे काका ड्रॉइंग मास्तर. आयुष्यभर पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसवलं आणि रविवारी पहाटे सायकलला फळी बांधून रेवदंड्याच्या खाडीवर लँडस्केप करायला गेले. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, पांढरा म्हणजे कागद. तो पहिल्या वॉशलाच सोडावा लागतो, नंतर परत मिळत नाही. खाडीच्या पाण्यावरची उन्हाची रेघ त्यांनी अशीच सोडलेली असे, ब्रश एका दमात वर आणि खाली फिरवून, मधली सुतासारखी जागा कोरडी ठेवून. पावसाळ्यात इथे वॉश वाळतच नाही, म्हणून दसऱ्यानंतर कामाला सुरुवात. चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने जागा, तारीख, वेळ, आणि शेवटी भरती की ओहोटी. 'अर्धी भरती' हे शब्द मी चित्रामागे वाचायला शिकलो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, माळ्यावरची काकांच्या चित्रांची ट्रंक दोन दिवस पाण्यात राहिली. शेजारीपाजारी आडव्या झालेल्या माडा-पोफळींकडे बघून रडत होते, चित्रांकडे बघायला कुणाला सवड नव्हती. महिन्याभराने ट्रंक उघडली तेव्हा कागद एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता, वर काळी बुरशी, आणि ज्या कडा वाचल्या त्या कसरीने आधीच खाल्लेल्या. आम्ही तो गठ्ठा परसात जाळला. हे मी लपवत नाही. संग्राहकाला बोल लावताना आमच्या घरांनी काय केलं तेही बोललं पाहिजे. आम्हाला ती 'काकांची हौस' वाटत होती.

त्या हौसेत काय होतं, ते आता कळतं. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली सुरू झालं. त्याआधीची उरणची मिठागरं, खाजणं, बांध असा मुलूख फोटोत फार थोडा आहे, रंगात तर फक्त अशा चित्रांत. आता अटल सेतूचा पाय चिर्ल्यात आहे आणि मांडव्यापासून पुढे जमिनीचे तुकडे पडून कुंपणं उभी राहिली आहेत. वाडीतला रहाट, शिडाचं गलबत, केंबळी घर यांचे रंग कुणाला आठवणार? हा या जिल्ह्याचा दस्तऐवज आहे.

दस्तऐवज जपायचं मनावर घेतलं तर सरकार काय करू शकतं, तेही अलिबागेतच दिसतं. मुंबईच्या ट्राम विजेवर जाणार म्हणून तिथल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली इथे आणली. चुंबकसुई हलू नये म्हणून पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड टाळलं. तेव्हापासून तिथे नोंदी होत आल्या आहेत. एका सुईसाठी एवढी काळजी घेतली गेली, आणि तिच्यासमोरच्या समुद्राची चित्रं ठेवायला सव्वाशे वर्षांत जिल्ह्याला एक सार्वजनिक खोली बांधावीशी वाटली नाही.

संस्थापक कसे असतात, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभारलं आणि रविवर्मा, धुरंधरांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंतचा ठेवा साताऱ्याच्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला पायी चढून बघता येईल असा ठेवला. दिनकर केळकरांनी हयातभर जमवलेल्या सुमारे वीस हजार वस्तू १९७५ साली राज्याला दिल्या. चंद्रकांत मांडरे यांनी कोल्हापुरातलं 'निसर्ग' हे राहतं घर स्वतःच्या चित्रांसकट सरकारच्या हाती दिलं. यांना मी संस्थापक म्हणतो.

फ्रान्सचंच उदाहरण हवं असेल तर तेही घ्या, पण पुरतं घ्या. मोनेला उघड्यावर बसून रंगवायला लावणारा यूजीन बूदां हा ऑनफ्लरचा. अलिबागपेक्षा लहान असं ते बंदराचं गाव. तिथे १८६८ सालीच दुबूर्ग या चित्रकाराने बूदांच्या साथीने गावाचं संग्रहालय काढलं आणि बूदांने मागे आपली चित्रं त्या गावाला ठेवली. पलीकडच्या ल आव्र शहराला त्याच्या भावाने १९०० साली दोनशेहून अधिक कामं दिली. ज्या बंदराची चित्रं, ती त्या बंदरात. परवाच्या भाषणात फ्रेंच नावं पुष्कळ आली, ही एक गोष्ट तेवढी आली नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. ज्यांच्याकडे या किनाऱ्याची चित्रं आहेत त्यांनी वर्षातून निदान एक महिना ती इथे आणून लावावीत, तिकीट न लावता. जिल्हा परिषदेने किंवा नगरपालिकेने एक कोरडी, उंचावरची, कुलूपबंद कपाटांची खोली द्यावी आणि ती सांभाळायला पगारी माणूस नेमावा. चित्रकारांच्या घरच्यांनो, तुम्ही ट्रंक आजच माळ्यावरून खाली काढा. चित्रांमध्ये कोरे कागद घाला, पाठीमागे जागेचं नाव लिहा. कुणी विकत मागायला आलं तर आधी जाणत्या चित्रकाराला दाखवा, मग भाव बोला.

काकांचं एक चित्र वाचलं आहे. ते वादळाच्या वेळी ट्रंकेत नव्हतं, फ्रेमवाल्याकडे होतं. रेवदंडा खाडी, सकाळी साडेसात, अर्धी भरती. अलिबागेत ज्या दिवशी सर्वांसाठी उघडं दालन होईल, त्या दिवशी ते मी स्वतः नेऊन देईन.