धरणाचे आयुष्य, घटाचे आयुष्य
भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. त्याचा खर्च शतकावर विभागला गेला. शेजारी घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प पाण्याच्या रूपाने वीज साठवितो. घन ऑक्साइड इंधनघट इंधनापासून वीज देतो आणि उलट चालविल्यास विजेपासून हायड्रोजन. त्याच्या विद्युदग्रांत निकेल वा सेरियाचे नॅनोकण पेरले की अभिक्रियेस पृष्ठभाग वाढतो, कमी तापमानातही काम भागते. मात्र 700 अंशांच्या धगीत हेच कण एकमेकांस चिकटून जाड होतात आणि लाभ ओसरतो. (प्रयोगशाळांना पहिल्या दिवसाचे आकडे मिरविण्याची हौस असतेच.) हरित हायड्रोजन मोहिमेस 2023 मध्ये 19,744 कोटी रुपये मंजूर झाले. अशा घटांना सरकारी पैसा द्यावयाचा तर तो किती हजार तास टिकला, हे आधी विचारले पाहिजे.