पुन्हा वहीकडे

गेल्या जूनपासून मी ऑफिसात वही नेते. साधी, शंभर पानी, आप्पा बळवंत चौकातून आणलेली. पहिल्याच दिवशी शेजारचा म्हणाला, "काय गं, किराण्याची यादी का?"

त्याआधी बारा-तेरा वर्षं माझ्या सगळ्या नोंदी लॅपटॉपवर. टायपिंगचा वेग बरा, त्यामुळे कोण काय बोललं ते शब्दन् शब्द माझ्याकडे असायचं, आणि त्याचा मला अभिमानही होता. (आई सांगते, शाळेतही मी फळ्यावरचं सगळं उतरवून आणायचे आणि घरी येऊन तिलाच विचारायचे, आज काय शिकवलं?)

मग टीममधल्या एका मुलाने राजीनामा दिला. चांगला मुलगा. दर महिन्याला आम्ही अर्धा तास बोलायला बसायचो, अर्थात मी लॅपटॉप उघडून. कारण विचारलं तर शांतपणे म्हणाला, "मी सांगितलं होतं तुम्हाला." जागेवर येऊन शोधलं. एका सेकंदात सापडलं. वडिलांचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, सोलापूरहून काम केलं तर चालेल का. तीन महिन्यांपूर्वीची माझीच नोंद, इंग्रजीत, तारखेसकट. मी काय उत्तर दिलं ते मात्र त्यात नव्हतं. बहुधा दिलंच नसणार. मी टाइप करत होते ना!

२०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते. लॅपटॉपवाले वक्त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवतात आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यांना दिसलं. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक निघाला नाही. त्यामुळे कागदाने स्मरणशक्ती वाढते वगैरे मी म्हणणार नाही. माझं म्हणणं साधं आहे. हाताला बोलण्याचा वेग गाठता येत नाही. म्हणजे काय सोडायचं ते ठरवावं लागतं, आणि ठरवायचं तर आधी ऐकावं लागतं.

आता तर मीटिंगचं सॉफ्टवेअरच सगळं बोलणं उतरवून देतं, वर सारांशही काढतं. मग तेच काम माणसाने कशाला करायचं?

आणखी एक गंमत. कीबोर्डवर मी इंग्रजीत लिहायचे, वहीत आपोआप मराठी येतं. "चिडलाय." "हो म्हणाली, पण मनात नाही." असलं काही मी लॅपटॉपवर कधी लिहिलंच नव्हतं.

तोटे आहेतच. सर्च नाही. माझं अक्षर आठवड्याने मलाच लागत नाही. एकदा वही रिक्षात राहिली, ती गेलीच. त्यामुळे तारखा आणि कामांच्या याद्या अजूनही कॉम्प्युटरवरच टाकते, उगाच हट्ट नाही. पण माणूस समोर बसून बोलत असताना मधे स्क्रीन नको, एवढं माझ्यापुरतं पक्कं केलंय.

दिवाळीत त्या मुलाला फोन केला होता. सोलापूरलाच नोकरी मिळालीये, पगार कमी आहे म्हणाला. वडिलांचं चालू आहे. त्याच्या जागी आता एक नवीन मुलगी आलीये. ती बोलायला बसली की पहिली दहा मिनिटं मी वहीसुद्धा उघडत नाही.