पोकेमॉनवर पॉडकास्ट? तोही मराठीत?

"रेडला चाललोय, अर्ध्या तासात येतो" असं मी म्हटलं की आई अजूनही दचकते. तिच्यासाठी रेड म्हणजे इन्कम टॅक्सची धाड. आमची रेड म्हणजे नेरूळच्या एखाद्या बागेत सात-आठ जणांनी मोबाईल धरून उभं राहायचं आणि बाकी कुणालाच न दिसणाऱ्या एका राक्षसाशी लढायचं. अशाच एका 'पोकेमॉन गो'च्या रेडनंतर टपरीवर चहा पिताना मित्र म्हणाला, "यार, यावर आपण पॉडकास्ट काढू."

झालं! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक वाईट खोड असते. छंद लागला की त्याचं लगेच प्रोजेक्ट करायचं. नाव ठरलं, लोगो झाला, एक्सेल शीटमध्ये बारा भागांचे विषय मांडून झाले. माईक कुठला घ्यायचा यावर दोन वीकएंड खर्ची पडले. शेवटी फोनवरच रेकॉर्ड केलं, कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड घालून (कपडे आवाज शोषून घेतात, घुमत नाही). पंखा बंद. बाहेर घंटागाडीचं गाणं, आत कुकरच्या शिट्ट्या.

पहिल्या दोन भागांत आम्ही बातम्या सांगितल्या. या आठवड्यात कुठला पोकेमॉन येणार, कुठला मूव्ह बदलला वगैरे. अटॅक, डिफेन्स आणि स्टॅमिना, प्रत्येकाला ० ते १५ अंक, म्हणजे सोळाचा घन. म्हणून जंगली पोकेमॉन शंभर टक्के निघण्याची शक्यता ४०९६ मध्ये १, आणि हवामानाचा बूस्ट असेल तर १७२८ मध्ये १... यावर तब्बल वीस मिनिटं! चाळीस मिनिटांच्या भागाचं एडिटिंग करण्यात अख्खा रविवार गेला. मग स्वतःच ऐकलं, आणि खरं सांगतो, ऐकवेना. हे सगळं इंग्रजीत आमच्यापेक्षा बरं सांगणारे ढिगाने आहेत. शिवाय आमचा भाग येईपर्यंत इव्हेंट संपलेला. म्हणजे सेल संपल्यावर जाहिरात.

तिसऱ्या भागाच्या वेळी आमच्या ग्रुपमधल्या एका रिटायर्ड काकांना बोलावलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते खेळायला लागले. दहा किलोमीटर चालल्यावर फुटणारं अंडं मोबाईलमध्ये असलं की पाय आपोआप उचलतात म्हणे. ते बोलले मात्र भलत्याच गोष्टीवर. या गेमचा नकाशा मुळात खेळाडूंनीच केलाय. त्याच कंपनीच्या 'इन्ग्रेस' या आधीच्या गेममध्ये लोकांनी पुतळे, देवळं, भिंतीवरची चित्रं फोटोसकट सुचवली होती. त्यांतली बरीचशी इथे पोकेस्टॉप झाली. आता 'वेफेअरर'वर खेळाडू नवीन जागा सुचवतात आणि इतर खेळाडू तपासून मत देतात. काकांनी एका गावठाणातलं देऊळ सुचवलं होतं. दोनदा नाकारलं गेलं, तिसऱ्यांदा पास झालं. कारण तिसऱ्या वेळी त्यांनी वर्णनात एक वाक्य वाढवलं होतं: हे देऊळ सेक्टर पडायच्या आधीपासून इथे आहे.

मी त्या देवळापासून दहा मिनिटांवर सहा वर्षं भाड्याने राहतोय. मला माझा सेक्टर नंबर पाठ, पण शेजारच्या गावाचं नाव ठाऊक नव्हतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं, हे कुठेतरी वाचलेलं होतं. पण ती ९५ गावं गेली कुठे, असा प्रश्न कधी पडला नाही. पडला तो एका निळ्या गोल चकतीमुळे.

म्हणून माझं मत असं. छंद म्हणून पॉडकास्ट जरूर काढा, पण गेमच्या बातम्यांवर नको. गेममुळे भेटलेली माणसं आणि जागा यांच्यावर काढा. आणि मराठीत काढा. २०२३ मध्ये हा गेम हिंदीत आला, मराठीत नाही. पण रेडच्या घोळक्यात आपण "अरे, उजवीकडून मार ना" असंच ओरडतो की!

कुणी म्हणेल, मग गेम कशाला, सरळ शहरावरच करा. नाही हो, गेम लागतो. बागेत अनोळखी माणसाशी बोलायला आपल्याला निमित्त लागतं. पाच स्टारची रेड सहसा एकट्याने होत नाही, म्हणून शाळकरी पोरगा, मी आणि काका एका बाकाशी जमतो. एरवी जमलो नसतो.

आणखी एक कारण आहे. जुलै २०१६ मध्ये हा गेम परदेशात आला तेव्हा आपल्याकडे लोक एपीके उतरवून खेळले. अधिकृतपणे तो डिसेंबर २०१६ मध्ये जिओबरोबर आला (जिओचं ऑफिस आपल्याच घणसोलीत), आणि रिलायन्स डिजिटलची दुकानं पोकेस्टॉप झाली. २०२५ मध्ये निआन्टिकने आपला गेमचा धंदा साडेतीन अब्ज डॉलरला स्कोपलीला विकला. आम्ही पकडलेले पोकेमॉन, काकांनी लिहिलेलं वर्णन, सगळं त्यात गेलं. त्याबद्दल तक्रार नाही, नियम वाचून (म्हणजे न वाचता) 'आय अॅग्री' आम्हीच दाबलं होतं. पण एखाद्या दिवशी सर्व्हर बंद झाला तर काकांचं ते वाक्य राहणार कुठे? आमच्या एमपीथ्री फाईलमध्ये. ती माझ्या हार्ड डिस्कवर आहे, मित्राच्याही आहे.

कुणाला सुरू करायचं असेल तर अनुभवाचे चार बोल. गेममधलं संगीत वापरू नका, ते आपलं नाही. रेकॉर्ड करण्याआधी विचारा, मुलं असतील तर त्यांच्या आईबाबांना विचारा. आपण कुठल्या वेळी कुठे असतो हे मुलांच्या तोंडून जाहीर होऊ देऊ नका. भाग वीस मिनिटांचा ठेवा. आणि एकदम पन्नास भागांचा संकल्प सोडू नका, सहाच करा. सातवा करावासा वाटला तर चांगलंच.

आमचा चौथा भाग पुढच्या रविवारी. ऐकणारे सध्या एकतीस आहेत, त्यातले चार आम्हीच, वेगवेगळ्या फोनवरून :) आईनेही तिसरा भाग ऐकला. पोकेमॉन तिला काही कळला नाही, पण त्या देवळात एकदा घेऊन चल म्हणाली.

असो. आता निघतो, रेडची वेळ झाली.