तिसरे शील

दर रविवारी अलिबागकडच्या आमच्या वस्तीतील विहारात त्रिसरण-पंचशील होते. गेल्या वर्षी वंदनेनंतर एक वडीलधारे एका मुलाला सर्वांदेखत म्हणाले, ‘तू तिसरे शील मोडलेस.’ गुन्हा एवढाच, की त्याचे प्रेम मुलावर आहे. तेव्हापासून तो विहाराची पायरी चढलेला नाही.

मला हे पटत नाही. तिसरे शील म्हणजे कामवासनेतील दुराचारापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा. फसवणूक, जबरदस्ती, परस्त्रीगमन त्यात येते. दोघेही पुरुष असणे कोठून आले? बायकोला मारणारे पुढच्या रांगेत बसतात, त्यांना शील कोणी विचारीत नाही!

लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्याही, उत्तरे छापली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनीच. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. लग्नाला मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारली. आपण विहारातली जागाही नाकारणार काय?

१९२७ च्या सत्याग्रहाचे चवदार तळे आमच्याच जिल्ह्यात, महाडला. २० मार्चला वस्तीचा टेम्पो तिकडे जातो. येत्या खेपेस तो माझ्याशेजारी बसेल, असे मी घरी सांगितले आहे. आई अजून काही बोललेली नाही.