टीकेला मज्जाव नको
पक्षाचा प्रचार वेगळा आणि धोरणावरील टीका वेगळी. सरकारी कर्मचाऱ्याला प्रचारापासून रोखणे रास्तच, पण टीकेवर सरसकट बंदी आम्हाला मान्य नाही. महाराष्ट्र सरकारच्या 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयाने देशातील कोणत्याही सरकारच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर समाजमाध्यमांतून प्रतिकूल टीका करण्यास मनाई केली. योजनांच्या यशाबद्दल मात्र लिहिता येते.

याचा फटका नागरिकांनाच बसेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत गळते, मुले दप्तरे मांडीवर घेऊन बसतात, हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक? प्राथमिक आरोग्य केंद्रातील सर्पदंशावरील प्रतिविष संपले, हे सर्वांत आधी परिचारिकेला कळते. वरिष्ठांकडे पाठवलेली पत्रे महिनोन्महिने धूळ खात पडतात, तेव्हाच असा माणूस जाहीरपणे लिहायला धजावतो. हा निर्णय कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. ज्यांची नोकरीच नूतनीकरणाच्या भरवशावर, ते एका नोटिशीच्या धाकानेच गप्प बसतील.

सरकारी नोकरीत आल्याने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात स्पष्ट केले आहे. गोपनीय कागद फोडणाऱ्यावर, जातीधर्मांत तेढ वाढवणाऱ्यावर कारवाई जरूर व्हावी. मात्र स्वतःच्या कामातील त्रुटी सप्रमाण दाखवणारा त्या रांगेत बसत नाही. सरकारने प्रतिकूल टीकेवरील ही बंदी तातडीने मागे घ्यावी आणि तोवर तिच्या आधारे एकाही कर्मचाऱ्यावर कारवाई करू नये.